रकाना चार

नगरविकास आराखडा, दक्षिण विस्तार, पान एकशे बारा.
रकाना चार : प्रकल्पापूर्वीची स्थिती.
पेन्सिल कानामागे खोचून मी उभी आहे
वाल्दिव्हिया शहर जिथे संपतं तिथे, गुडघाभर पाण्यात.
पूर्वीची म्हणजे
कशाच्या पूर्वीची?

पहाटेपासून मोजतेय.
काळ्या मानेचे हंस एकतीस,
त्यातले दोन पाठीवर पिल्लं घेऊन फिरणारे.
पिल्लं वेगळी धरायची का, नियमावलीत नाही.
एक कोइपू, ओला, मिशाळ,
निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कसारखा
माझ्याकडे बघून पुन्हा मुळं कुरतडू लागला.
बेडूक : नुसते आवाज.
मी लिहिलं, "पुष्कळ".
ऑफिसात रुबेनने ते खोडून लिहिलं, "मध्यम".

नकाशावर हे सगळं फिकट जांभळं आहे.
फिकट जांभळं म्हणजे विकसनक्षम.
त्यावरून चार पदरी रस्ता, एकच सरळ रेघ.
पट्टीला ओल लागत नाही.

एलेउतेरियो वेन्चुमान होडी वल्हवत आला,
ऐंशीच्या पुढचा, दात थोडे, बोलणं भरपूर.
लिही बाई, म्हणाला, इथे बटाटे होते.
साठ सालच्या मे महिन्यात, रविवारी दुपारी
जमीन हलली, आणि मग बसली
जशी दमलेली गाय बसते,
आधी पुढचे गुडघे, मग सगळीच.
बापाचं शेत गेलं, कुंपणासकट, गोठ्यासकट.
नदी आत आली पाहुण्यासारखी
आणि परत जायचं नावच घेईना.
बाप तीन वर्षं पाण्याचा शेतसारा भरत राहिला,
ओसरेल म्हणून.
मग एका सकाळी कुंपणाच्या खांबांमध्ये
पहिला हंस उतरला,
आणि आई म्हणाली, आता भरू नकोस.

तर मग पूर्वस्थिती : बटाटे?
बटाट्यांच्या आधी रान होतं,
आजीच्या भाषेत त्या रानाला नाव होतं.
एलेउतेरियो वल्हं आडवं धरून
बराच वेळ ते नाव आठवत बसला.
होडी तेवढ्यात आपोआप वळली.

गुरुवारी शाळेच्या जिममध्ये जनसुनावणी.
बास्केटबॉलच्या जाळीखाली पडदा,
सल्लागाराचे बूट कोरडे.
परिणाम किरकोळ, म्हणाला, पाणी दुसरीकडे वळवू.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयाने म्हणतो.
इथे तर ते मुरायचीच जागा मागतंय.
दुसरीकडे म्हणजे कुठे, कुणी विचारलं नाही,
कारण दुसरीकडे राहणारे कामावर होते.

आणि मग नेलिदा ओयार्सो उठली.
तिला मी आमच्या बाजूची समजत होते.
अकरा वर्षं घराच्या यादीत आहे, म्हणाली,
तीन मुलं, एक खोली, भिंतीला बुरशी.
हंस मलाही आवडतात.
पण हंसांना भाडं भरावं लागत नाही.
तुमच्या कागदात चारशे घरं आहेत की नाहीत,
तेवढं सांगा.

मी मान खाली घालून
एकतीसच्या खाली उगाचच रेघ ओढली.

फाटकापाशी तिने मला गाठलं.
भराव टाकला तर बसायला किती वर्षं लागतात?
खरं सांगितलं : इथली माती अजून बसतेय.
म्हणजे घर तडकेल.
तडकेल.
मग न तडकणारं कुठे बांधतात?
आराखड्यात त्याला पान नाही,
एवढं मला ठाऊक होतं,
आणि एवढंही तिला तोंडावर सांगवेना.

रुबेनचा निरोप : रकाना चार रिकामा का?
आज ओहोटी होती. पुन्हा गेले.
पाण्यातून वर आलेले खांब मोजले : सतरा.
एकावर पाणकावळा, पंख वाळत घातलेले.
एकाला अजून तार, गंजून लाल.
लिहिलं : शेत होतं, बुडालं, भरलं.
खाली लिहिलं : नेलिदा ओयार्सो, अकरा वर्षं, एक खोली.
हे इथे बसत नाही, रुबेन म्हणणार.

बूट काढले तेव्हा
डाव्या बुटात एक बेडूक होता,
नखाएवढा.
त्याला सोडलं,
आणि "मध्यम" खोडलं.